नामदेवांचा ठसा

शिक्का म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बोनाफाइडवरचा कॉलेजचा निळा गोल शिक्का. उत्पन्नाच्या दाखल्यावरचा सरकारी शिक्का. झेरॉक्सवर ‘सत्यप्रत’ असं उमटवणारा लांबट शिक्का. ॲडमिशनच्या दिवसांत आपण सगळेच फाइल काखेत मारून शिक्क्यांमागे पळत असतो. कनेरगाव नाक्यावरून सकाळची एसटी पकडायची, रांगेत उभं राहायचं, साहेब जेवायला गेलेत म्हणून थांबायचं आणि एकदाचा शिक्का घेऊन परत यायचं. आपण कोण आहोत, कुठल्या जातीचे, किती उत्पन्नाचे, किती टक्क्यांचे, हे सगळं दुसरं कुणीतरी आपल्या कागदावर उमटवून देतं.

आता याच्या अगदी उलट बघा. जगात एक छंद असा आहे, ज्यात शिक्का तुमचा स्वतःचा असतो. तो तुम्हीच कोरायचा, खिशात ठेवायचा आणि रानावनात भटकताना दुसऱ्याच्या वहीत उमटवायचा. बदल्यात त्याचा शिक्का आपल्या वहीत घ्यायचा. या छंदाचं नाव लेटरबॉक्सिंग. त्यातले शब्द आणि रीती समजून घेताना आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस आठवत राहतो. सातशे वर्षांपूर्वीचा, शिंप्याच्या घरातला, पायाला भिंगरी लावून फिरलेला. संत नामदेव.

तुम्ही म्हणाल, कुठे इंग्रजांचा छंद आणि कुठे आपले नामदेवराय! थांबा, आधी छंद समजून घेऊ.

डबी, वही आणि ठसा

साल १८५४. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं ओसाड, दलदलीचं माळरान आहे. जेम्स पेरट नावाचा वाटाड्या तिथे लोकांना फिरवून आणायचा. या माळरानात क्रॅनमियर पूल ही जागा इतकी आडवळणाची, की तिथवर पोचणं म्हणजेच पराक्रम. पेरटनं तिथे एक काचेची बाटली ठेवली. पोचणाऱ्यानं आपलं व्हिजिटिंग कार्ड तिच्यात टाकायचं, म्हणजे ‘मी आलो होतो’ याची खूण राहील. पुढे लोक आपल्याच पत्त्याचं पोस्टकार्ड तिथे ठेवू लागले. नंतर येणाऱ्या अनोळखी माणसानं ते उचलायचं आणि पोस्टात टाकायचं. म्हणून नाव पडलं लेटरबॉक्स. पुढे रबरी ठसे आले. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ‘स्मिथसोनियन’ मासिकात या छंदावर लेख छापून आला आणि तिकडेही त्याचं पीक आलं.

आता या मंडळींची भाषा बघा. लपवलेल्या डबीत दोन वस्तू असतात, एक हातानं कोरलेला ठसा आणि एक वही. शोधणाऱ्याकडेही दोनच वस्तू, त्याचा स्वतःचा ठसा आणि त्याची वही. या स्वतःच्या ठशाला म्हणतात सिग्नेचर स्टॅम्प. वहीला लॉगबुक. छंदात वापरायच्या टोपणनावाला ट्रेल नेम, म्हणजे आपलं इन्स्टाचं हँडल असतं तसंच. डबी सापडली की आपला ठसा तिच्या वहीत आणि तिचा ठसा आपल्या वहीत. दोन्हीकडे उमटलं की हिशेब पूर्ण.

डबी लपवण्याला ते ‘प्लांट’ म्हणतात, रोप लावतात तसं. सापडण्याला ‘फाइंड’. आणि वाटेत दुसरा छंदी भेटला, एकमेकांच्या वहीत एकमेकांचे ठसे उमटवले, की झालं ‘एक्स्चेंज’. तुम्ही किती मुरलेले, हे या तीन आकड्यांवरून कळतं. किती लावल्या, किती शोधल्या, किती जणांशी देवाणघेवाण केली.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील. ‘हिचहायकर’ म्हणजे एका जागी न राहणारा ठसा. सापडणाऱ्यानं तो उचलायचा आणि पुढच्या डबीत नेऊन ठेवायचा, म्हणजे तो लोकांच्या पायांनी गावं फिरतो. आणि ‘पर्सनल ट्रॅव्हलर’ म्हणजे कुठल्याच डबीत नसलेला, एखाद्या माणसाजवळच असलेला ठसा. तो माणूस गाठायचा, नीट विचारायचं, तरच मिळतो.

शेवटचा नियम सगळ्यात मोठा. काम झालं की डबी होती तशी परत ठेवायची, मागून येणाऱ्यासाठी.

आता आपल्या मराठीकडे या. ठसा, छाप, मुद्रा, शिक्का, मोहोर. एका गोष्टीला किती शब्द! यातला ‘मुद्रा’ हा शब्द कवितेतही आहे. अभंगाच्या शेवटी कवी आपलं नाव गुंफतो, त्याला नाममुद्रा म्हणतात. ‘नामा म्हणे’ ही नामदेवांची नाममुद्रा. सिग्नेचर स्टॅम्पच की! अभंग कुणीही गाऊ दे, कुठेही गाऊ दे, शेवटी हा ठसा उमटतोच.

शिंपी आणि छीपा

नामदेवांचा जन्म शके ११९२ मधल्या कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० चा मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, आडनाव रेळेकर. घराणं कयाधू नदीकाठच्या नर्सीचं. प्रत्यक्ष जन्म नर्सीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण नर्सी गावानं आपल्या नावापुढे त्यांचं नाव लावून घेतलंय ते घेतलंयच. आजही आपण ‘नर्सी नामदेव’ असंच म्हणतो.

घरात धंदा कापडाचा आणि शिवणकामाचा. महाराष्ट्रात नामदेव शिंपी म्हणून ओळखले जातात. उत्तरेत मात्र त्यांची ओळख ‘छीपा’ अशी आहे. छीपा म्हणजे लाकडी ठसे रंगात बुडवून कापडावर नक्षी छापणारा कारागीर. राजस्थानात बगरू, सांगानेरकडे ठशांचं कापड बनवणारे छीपा समाजाचे लोक आजही नामदेवांना आपला मानतात. म्हणजे ज्या माणसाला आपण ठशाच्या छंदाशी जोडतोय, त्याची एक ओळख मुळातच ठसा उमटवणारा अशी आहे. त्यांच्या पदांमध्येही गज, कात्री, सुई, दोरा, रंग अशा वस्तू देवाच्या नावाशेजारी बसलेल्या दिसतात. दुकानातल्या वस्तू त्यांनी भजनात नेल्या, कारण त्याच त्यांच्या हातातल्या होत्या.

लहानपणची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकलीच असेल. वडील गावाला गेले म्हणून छोटा नामा नैवेद्य घेऊन विठोबाच्या देवळात गेला. देव जेवतो असंच त्याला वाटत होतं. विठोबा जेवेना, तेव्हा पोरानं हट्ट धरला. आणि आख्यायिका सांगते की देव जेवला. पुढे मोठेपणी बाजारात कापड विकायला पाठवलं, तर यानं ते धोंड्यांना उधार देऊन टाकलं. घरचे कपाळाला हात लावून बसले असणार. लग्न झालेलं, बायको राजाई, पोरंबाळं, आणि कर्ता माणूस कीर्तनात. गोणाई आणि राजाई यांची तक्रार संतसाहित्यात राहिलीय, आणि ती खरी वाटते. घरात पीठ नसताना भक्ती कशी परवडायची, हा प्रश्न त्या दोघींनी विचारला. संतांची चरित्रं वाचताना हा भाग आपण पटकन ओलांडतो. ओलांडू नका.

कच्चं मडकं

तरुण नामदेवांना एक गोष्ट पक्की माहीत होती, की विठोबा आपल्याशी बोलतो. थोडा तोराही असावा. अशात संतांचा मेळा भरला. ज्ञानेश्वर, निवृत्तीनाथ, सोपान, मुक्ताई, आणि तेरचे गोरोबाकाका कुंभार. गोष्ट अशी सांगतात की मुक्ताईनं गोरोबाकाकांना गंमतीत विचारलं, यातली मडकी भाजलेली किती आणि कच्ची किती? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारून बघायला सुरुवात केली. बाकीचे शांत बसले. नामदेव मात्र चिडले, हा अपमान वाटला त्यांना. निकाल लागला, हे मडकं कच्चं.

विचार करा, आपल्या वयाच्या मुलाला भर सभेत असं म्हटलं तर काय होईल? नामदेव रुसून पंढरपूरला गेले. विठोबाकडे तक्रार केली, तर तिथेही तेच उत्तर. गुरूशिवाय तू कच्चाच. जा, विसोबा खेचरांना भेट.

विसोबा भेटले ते औंढा नागनाथला. कनेरगावकडून हिंगोली गाठायची आणि तसंच पुढे जायचं, की औंढा. बारा ज्योतिर्लिंगांमधलं एक तिथे आहे, हे तुम्हाला सांगायला नको, सहलीला जाऊन आलाच असाल. त्या देवळात नामदेवांनी पाहिलं, की एक म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून खुशाल झोपलाय. नामदेवांनी हटकलं. म्हाताऱ्यानं सांगितलं, मला उठवत नाही, जिथे देव नाही अशा जागी तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलले आणि बाजूला ठेवले, तर तिथे पिंड. दुसरीकडे ठेवले, तिथेही पिंड.

गोष्ट चमत्काराची आहे, मान्य. पण तिचा अर्थ साधा आहे. आजवर नामदेवांचा देव एका गावातल्या, एका देवळातल्या विटेवर उभा होता. तो सगळीकडे आहे, हे त्यांना औंढ्यात कळलं. छंदाच्या भाषेत बोलायचं तर विसोबांजवळचा ठसा कुठल्या डबीत नव्हता, तो पर्सनल ट्रॅव्हलर होता. माणसापर्यंत जावं लागतं, आधी आपली वही कोरी आहे हे कबूल करावं लागतं, मग मिळतो. आणि लक्षात घ्या, पंढरपूरच्या लाडक्या भक्ताला हा धडा मिळाला तो आपल्या मराठवाड्यात.

बरोबर चालणं

यानंतर नामदेव आणि ज्ञानेश्वर बरोबर तीर्थयात्रेला निघाले. जोडी गंमतीची होती. एक तत्त्वज्ञ, योगी, गीतेवर टीका लिहिणारा. दुसरा शिंपी, गाणारा, नाचणारा, देवाशी भांडणारा. मारवाडच्या वाळवंटात दोघांना तहान लागली, विहीर सापडली पण पाणी खोल. ज्ञानेश्वर योगबळानं आत उतरून पाणी पिऊन आले, असं सांगतात. नामदेव काठावरच बसले आणि देवाला आळवू लागले, तर विहीरच भरून वाहू लागली. कुणाचं मोठं, हा या गोष्टीचा मुद्दा नाही. दोघांनी एकमेकांची रीत पाहिली आणि मान्य केली. एक्स्चेंज यालाच म्हणायचं. आपला ठसा न पुसता दुसऱ्याचा घ्यायचा.

१२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. वय जेमतेम एकवीस. म्हणजे तुमच्यातल्या थर्ड इयरच्या पोरांएवढं. नामदेव तिथे हजर होते. मित्र गेल्यावर त्यांनी काय केलं? लिहिलं. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ ही त्यांच्या नावावरची अभंगांची तीन प्रकरणं म्हणजे ज्ञानेश्वर आणि भावंडांचं चरित्र. जन्माची हकीकत, प्रवासाची हकीकत, निरोपाची हकीकत. मराठीतल्या सुरुवातीच्या चरित्रांमध्ये त्यांचा मान मोठा आहे. नामदेवांच्या वहीत उमटलेला सगळ्यात ठळक ठसा मित्राचा होता, आणि तो त्यांनी पुढच्या सातशे वर्षांतल्या सगळ्यांना बघायला ठेवला.

ज्यांना ठसाच नव्हता

इथवर गोष्ट गोड आहे. आता जरा अवघड भाग.

लेटरबॉक्सिंगमध्ये डबी कुणालाही उघडता येते. नामदेवांच्या काळात देऊळ कुणालाही उघडं नव्हतं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांचं एक पद आहे. त्यात ते सांगतात, की मी हसत खेळत देवळात आलो, भक्तीत रमलो, आणि छीप्याच्या जातीचा म्हणून मला हात धरून बाहेर काढलं. मग ते देवळाच्या मागे जाऊन बसले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. ही गोष्ट आपल्याकडे औंढ्याच्या देवळाशी जोडली जाते.

बारकाईनं बघा. ‘छीपा’ हा शब्द लोकांनी त्यांच्यावर मारलेला शिक्का होता. त्यांना बाहेर काढायला तो पुरेसा होता. दुसरा कुणी असता तर त्यानं तो शब्द लपवला असता. नामदेवांनी तोच शब्द उचलून आपल्या पदात घातला, देवालाच विचारलं, की मला या जातीत जन्माला का घातलंस? लोकांनी मारलेला शिक्का त्यांनी आपल्या हातात घेतला आणि त्याचा ठसा केला. माझ्या मते नामदेवांचं सगळं आयुष्य या एका कृतीत आहे.

आणि हा मान त्यांनी एकट्यासाठी ठेवला नाही. त्यांच्या घरात जनाबाई होत्या. मूळच्या गंगाखेडच्या, लहानपणीच दामाशेटींच्या घरी आलेल्या, दळण-कांडण करणाऱ्या. दासीला कोण नाव विचारतं? पण जनाबाईंनी अभंग रचले आणि स्वतःची नाममुद्रा उमटवली. त्यात त्या स्वतःला नामदेवांची जनी म्हणवतात. नामदेवांच्या घरातल्या जवळजवळ सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. आई, बायको, मुलं, सून. ज्या काळात बाईचं नाव कागदावर येणंच दुर्मिळ, त्या काळात एका शिंप्याच्या घरात प्रत्येकाला आपापला ठसा होता.

मग चोखोबा. मंगळवेढ्याचे चोखामेळा, अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातले. देवळाच्या पायरीपलीकडे त्यांना प्रवेश नव्हता. नामदेवांना ते गुरू मानत. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं वेठीचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि त्याखाली चोखोबा आणि बाकीचे मजूर गेले. आज बांधकामावरच्या अपघाताची बातमी येते ना पेपरात, तशीच ही. त्या बातमीत मजुरांची नावं बहुतेक वेळा नसतात. चोखोबांचं नाव राहिलं, कारण नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातल्या हाडांमधून चोखोबांची हाडं त्यांनी ओळखली. परंपरा म्हणते, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती. ती त्यांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी जिथे अडवलं, तिथेच चोखोबांची खूण कायमची लागली.

दूरच्या गावी

आता कल्पना करा, तुम्ही पन्नाशी ओलांडलीय, गावात नाव आहे, माणसं पाया पडतात. अशा वयात तुम्ही दोन हजार किलोमीटरवर नव्या भाषेच्या मुलखात जाल? नामदेव गेले. उत्तरेत भटकत भटकत पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान या गावी ते स्थिरावले. परंपरेनुसार तिथे त्यांनी आयुष्याची सुमारे वीस वर्षं काढली.

तिथे जाऊन त्यांनी काय केलं, हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण आपल्यातले निम्मे जण डिग्रीनंतर पुणे, संभाजीनगर किंवा हैदराबाद गाठणार आहेत. नामदेवांनी तिथल्या लोकांना आधी मराठी शिका असं सांगितलं नाही. त्यांच्या बोलीत पदं रचली. पण स्वतःचा ठसाही पुसला नाही. त्या पदांमध्ये विठ्ठलाचं नाव आहे, छीप्याचा धंदा आहे आणि शेवटी नामदेव ही मुद्रा आहे. १६०४ मध्ये शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात कबीर, रविदास, शेख फरीद यांच्याबरोबर नामदेवांचीही पदं घेतली. आज गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. ग्रंथसाहिब शिखांसाठी साक्षात गुरू आहे, त्याची तुलना कुठल्या छंदाशी करायची नाही. पण एवढं म्हणता येतं, की एका दूरच्या समाजानं आपल्या सगळ्यात पवित्र पानांवर आपल्या मातीतल्या माणसाची मुद्रा जपून ठेवली.

घुमानचे लोक तर त्यांना बाबा नामदेव म्हणतात. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं. जिथे मराठी बोलणारं कुणी नाही अशा गावात मराठीचं संमेलन, कशामुळे? सातशे वर्षांपूर्वी एकानं तिथे रोप लावलं होतं म्हणून. प्लांट म्हणतात ते हेच. आणि नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले शीख भाविक नर्सीपर्यंत येतात, ते उगाच नाही.

एकाच ठशाचे अनेक हात

इथे एक भानगडही आहे, अभ्यास करणाऱ्यांना ती माहीत असावी. नामदेवांच्या गाथेत दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. ते सगळे १२७० मध्ये जन्मलेल्या नामदेवांचेच आहेत का? अभ्यासक म्हणतात, नाही. पुढच्या काळात ‘नामा’ ही मुद्रा वापरणारे आणखी कवी झाले. त्यातले सोळाव्या शतकातले विष्णुदास नामा तर चांगले नाव कमावलेले कवी, त्यांनी महाभारत मराठीत आणलं. सगळ्यांच्या रचना एकमेकांत मिसळल्या. भाषा पाहून, संदर्भ पाहून कोणता अभंग कुणाचा, हे ठरवण्याचं काम संशोधक अजून करतात.

आज असं झालं तर आपण कॉपी म्हणू, फेक अकाउंट म्हणू. पण त्या काळी अभंग कागदावर कमी आणि तोंडात जास्त असायचा. कीर्तनात ऐकला, पाठ झाला, दुसऱ्या गावी नेला, तिथे एखादी ओळ वाढली. हिचहायकरसारखाच तो माणसांच्या पायांनी फिरला. आणि जो ठसा आवडतो, तोच तर लोक उचलतात.

तुकोबांचं उदाहरण बघा. नामदेवांनंतर तीनशे वर्षांनी तुकाराम सांगतात, की विठोबाला बरोबर घेऊन नामदेव माझ्या स्वप्नात आले आणि माझे राहिलेले अभंग तू पुरे कर म्हणाले. तुकोबांनी काम घेतलं, पण मुद्रा मात्र स्वतःची उमटवली. डबी परत जागेवर ठेवायची ती याचसाठी. मागून येणारा कोण असेल, हे ठेवणाऱ्याला माहीत नसतं.

पायरी

३ जुलै १३५० हा नामदेवांचा समाधीदिन मानतात. शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी. पंजाबातली परंपरा त्यांची समाधी घुमानला मानते. आपल्याकडे मानतात, की पंढरपूरच्या महाद्वारात ते पायरी होऊन राहिले. आत जाणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या पायाची धूळ आपल्याला लागावी म्हणून. तीच नामदेव पायरी. समोरच चोखोबांची समाधी. वारकरी मात्र त्या पायरीवर पाय देत नाहीत, तिला हात लावून, डोकं टेकवून आत जातात.

गंमत बघा. आयुष्यभर आपला ठसा उमटवत फिरलेला माणूस शेवटी म्हणतो, की आता सगळ्यांचे ठसे माझ्यावर उमटू द्या. हीसुद्धा देवाणघेवाणच.

१९७० मध्ये त्यांच्या जन्माला ७०० वर्षं झाली, तेव्हा भारतीय टपाल खात्यानं नामदेवांचं तिकीट काढलं. घरी कुणाकडे जुनी तिकिटं जमवलेली वही असेल तर शोधून बघा. सापडलं तर त्यावर कुठल्या गावच्या पोस्टाचा शिक्का पडलाय, तेही वाचा. इंग्रजीत तिकीट आणि ठसा या दोन्हींना स्टॅम्पच म्हणतात, म्हणजे आपल्या छीप्याला ते नाव दोन्हीकडून लागू पडलं.

आता तुमची पाळी. डार्टमूरला जायची गरज नाही. एक मोठं खोडरबर घ्या, ब्लेडनं जपून एक खूण कोरा. नाव कोरणार असाल तर अक्षरं उलटी कोरावी लागतात हे विसरू नका, नाहीतर छापताना घोळ होईल. एक पाठकोरी वही घ्या. चार मित्र मिळून नर्सीला जा, औंढ्याला जा. देवळात, दगडांवर, भिंतींवर काही उमटवायचं नाही, हे सांगायला नको. नाव कोरून भिंती खराब करणारे आधीच खूप आहेत. ठसा उमटवायचा तो एकमेकांच्या वहीत. आणि वाटेत ज्यांच्याशी कधी बोलला नाहीत असं कुणी भेटलं, दुसऱ्या कॉलेजचं, दुसऱ्या वस्तीतलं, तर वही त्यांच्यापुढेही धरा. त्यांच्याकडे ठसा नसेल तर अंगठा चालेल, सही चालेल.

सोमवारी परत फाइल घेऊन रांगेत उभं राहायचंच आहे. तो शिक्का लागतो, त्याशिवाय ॲडमिशन होत नाही. पण त्या कागदावर जे लिहिलंय तेवढंच आपण, असं समजायचं की नाही, हे आपल्या हातात आहे. नर्सीच्या शिंप्यानं समजलं नाही.